गोठ्यापर्यंतचं नेट

अख्ख्या कोल्हापुरात, आणि माझं विचाराल तर पंचगंगेच्या दोन्ही काठांवर, आमच्या व्याह्यांइतकं थांबता येणारा माणूस दुसरा झालेला नाही. मी चौथी शिकलेला माणूस, चाळीस वर्षं उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत साचे घातले. वाळू किती ओली आहे हे मुठीत धरून सांगणारा मी एकटाच, असं मालक पाहुण्यांना सांगायचे. तेव्हा मी उगाच वाढवून सांगतोय असं ज्याला वाटेल त्यानं पेठेत येऊन चौकशी करावी. वाट सगळेच बघतात. एस्टीची बघतात, पावसाची बघतात, निकालाची बघतात. पण जी वस्तू दुकानात येऊन पडली आहे तिच्याकडं पाठ करून, जी अजून कुणाच्या डोक्यातनं कागदावरसुद्धा उतरलेली नाही तिची वाट बघणारे आमचे व्याही एकटेच. माझी धाकटी मुलगी त्यांच्या घरात दिली आहे, म्हणजे नातं मानाचं आहे, म्हणून मी हे जरा जपून लिहितोय. न जपता लिहिलं असतं तर वही पुरली नसती.

रंगीत टीव्ही आला तेव्हा त्यांनी घेतला नाही, कारण सपाट काचेचा येणार होता. सपाट काचेचा आला तेव्हा भिंतीला लटकवायचा पातळ येणार होता. पातळ आला, तर त्यात इंटरनेट येणार होतं. शेवटी विहीणबाईंच्या भावानं नवा घेतला आणि त्याचा जुना, पाठीला कुबड असलेला टीव्ही आणून सोप्यात ठेवला. त्यावर आमचे व्याही आजही बातम्या बघतात, आणि बातम्या संपल्या की त्याच्याकडं बघून म्हणतात, "घाई केली असती तर फसलो असतो." गाडीचंही तेच. स्कूटर घ्यायची तर बटणावर चालू होणारी येऊ दे म्हणाले, ती आली तेव्हा विजेवरची येऊ दे म्हणाले. परवा मीच म्हणालो, "पावणं, विजेवरची आली की. आपल्या गल्लीत दोघांनी घेतल्यात." तर म्हणाले, "आली ओ. पर हिची बॅटरी फुडच्या साली निम्म्या वजनाची येनार हाय. दुप्पट वजन आत्तापास्नं कशापायी वढत बसायचं?" एवढं बोलून त्यांनी दुधाची किटली हँडलला अडकवली आणि त्यांच्या वडिलांच्या सायकलवर टांग मारली. वय वर्षं एकाहत्तर.

डोळ्यात मोतीबिंदू झाला तेव्हा तर कहर. डॉक्टर भला माणूस, भिंगांचे चार प्रकार समोर मांडून त्यानं समजावून सांगितलं. व्याह्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "ह्येच्या फुडचं कवा येनार हाय?" डॉक्टर हात धुवायला म्हणून आत गेले ते परत आलेच नाहीत. मी सोबत होतो म्हणून सांगतो. तो मोतीबिंदू पुढं विहीणबाईंनीच काढवला. "आज डोळा करून आल्याबिगर घरात च्या मिळनार न्हाय" असं म्हणून त्या उंबऱ्यात बसल्या, आणि व्याही चहासाठी थांबू शकत नाहीत. विहीणबाई बोलायला अशा आहेत की त्यांच्यासमोर मीही पायरीनं असतो. एकदा मी चेष्टेनं म्हणालो, "तुमास्नी मात्र ह्यांनी पयल्याच खेपंला पसंत केलं म्हनायचं." तशा त्या हातातली परात न ठेवता म्हणाल्या, "ह्यांनी कुटलं? मामंजींनी केलं. ह्यांच्यावर ऱ्हायलं असतं तर अजून पोरी बघत हिंडले असते, फुडच्या साली चांगल्या येत्यात म्हनून."

कुणी म्हणेल, चिक्कूपणा असेल. तर तसं अजिबात नाही. शेजारी बाळंतीण असली की महिनाभर दूध बिनबोभाट तिच्या दारात जातं. माझी बायको आजारी होती तेव्हा रोज सकाळी किटली माझ्या दारात होती, आणि ती गेल्यावरही दोन महिने येत राहिली, तेव्हा मलाच सांगावं लागलं की पावणं, आता मी एकटाच आहे, एवढं दूध मला संपत नाही. आणि थांबणारा माणूस म्हणजे ढिला माणूस असंही कुणी समजू नये. एकदा, एकाच बाबतीत ते थांबले नव्हते, आणि त्यासाठी मी त्यांचे हजार गुन्हे पोटात घातले आहेत. माझ्या मुलीला बघायला आले त्या दिवशी मी त्यांची कीर्ती ऐकून होतो. मनात धरलं होतं की हे आता चार वर्षं निरोप लांबवणार. मुलगी चहा ठेवून आत गेली. व्याह्यांनी कपाला तोंडही लावलं नव्हतं. ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, "पावणं, नारळ आन् मुलगी. बाकी काय सुद्दा घेनार न्हाय. आता ह्यात थांबायचं न्हाय." मी फौंड्रीत हजार अंशांवर वितळलेला रस बघितलेला माणूस, पण त्या दिवशी माझ्या डोळ्यांना पहिल्यांदा धग लागली.

तर अशा माणसाचा मुलगा, म्हणजे माझा जावई, जर्मनीत गिअर बनवायच्या कारखान्यात आहे. मुलगी तिकडंच, आणि आमची दोघांची मिळून एकच नात, सहा वर्षांची. तीन वर्षांपूर्वी आली होती तेव्हा महिनाभर ती गोठ्यातच राहायला होती म्हणा ना. व्याह्यांची म्हैस, कपाळावर पांढरा टिकला आहे म्हणून तिचं नाव चंद्री. चंद्रीनं तिचा हात चाटला, त्या दिवसापासनं पोरीला आई-बाप, खेळणी, कुणी काही नको झालं. परत जाताना विमानतळावर माणसं रडतात ती माणसांसाठी. आमची नात "म्हस, म्हस" करून रडली. तिकडं गेल्यावर रोज आमच्या साडेसहाला, म्हणजे तिच्या दुपारी, फोन लागायला लागला. मी रोज सहाला तीन गल्ल्या चालत व्याह्यांकडं जायचो. माझ्याकडं स्वतःचा असला फोन नाही. मुलीनं पाठवतो म्हणून शंभरदा सांगितलं, मी नको म्हणून शंभर आणि एकदा सांगितलं. माझ्या फोनला बटणं आहेत, ती दाबली की माणूस बोलतो, मला तेवढं पुरतं. शिवाय आपल्या घरी एकट्यानं खुर्चीत बसून बोलायचं आणि चौघांत बसून बोलायचं, ह्यात फरक आहे.

त्या फोनचा सगळा जीव म्हशीत होता हे आधी सांगतो. पोरगी आम्हाला बघायला फोन करते असा आमचा दोघांचा समज पहिल्याच आठवड्यात उतरला. व्याह्यांचं नाव तिनं 'म्हशीवाले आबा' ठेवलं होतं आणि माझं 'दुसरे आबा'. हे दुसरे आबा मला रात्रंदिवस टोचायचं, पण मी कुणाला बोललो नाही. आणि तरीही ते बरे दिवस होते. व्याही फोन घेऊन गोठ्यात जायचे, चंद्री वैरण खात असायची, आणि पोरगी अर्धा अर्धा तास बसायची. म्हशीशी बोलता बोलता आमच्याशीही बोलायची. शाळेत काय झालं, कुणी ढकललं, सगळं म्हशीला सांगायची, आम्ही ऐकायचो. मग घराच्या दोन्ही बाजूंना दोन उंच इमारती उठल्या. त्या जसजशा वर गेल्या तसतशी गोठ्यातली मोबाइलची रेंज खाली आली, आणि एक दिवस गेलीच.

घरात नेटची डबी होती, पण ती पुढच्या सोप्यात. व्याह्यांचं घर आगगाडीसारखं लांब. पुढं स्लॅबचा सोपा, मधी दीड हात जाडीच्या मातीच्या भिंतींचं माजघर, त्यामागं स्वयंपाकघर, मग परडं आणि परड्यात गोठा. मधल्या भिंती पाडायच्या आहेत, पण हलक्या विटांची कुठली तरी नवी जात येणार आहे म्हणून त्या अजून उभ्या आहेत. सोप्यात नेट घोड्यासारखं पळायचं, माजघरात लंगडायचं, स्वयंपाकघरात बसकण मारायचं. गोठ्यात फोन नेला की पोरीचं तोंड उघडलेलं तसंच राहायचं, एक डोळा मिटलेला. मग फोन सोप्यात यायचा. "म्हस कुठाय?" "म्हस माघारी हाय बाळा. तू सांग, जेवलीस का?" "जेवले. म्हस नाही?" "न्हाय आत्ता." "बरं. बाय." झालं. अर्ध्या तासाची पाच मिनिटं झाली, पाचाचं एक झालं. रोज होता तो फोन आठवड्यातनं दोन-तीनदा यायला लागला. तिच्या बोलण्यात तिकडचे शब्द वाढले, आमचे कमी झाले. एकदा तिनं आईला काहीतरी विचारलं आणि माझी मुलगी हसून म्हणाली, "अगं, आबा आहेत ते, माझे बाबा." मी फोन संपायच्या आत उठून तीन गल्ल्या चालत घरी आलो. माझं सगळं त्या दिवसापासनं एवढ्यावर अडकलं होतं: पोरगी मला विसरायच्या आत नेट गोठ्यापर्यंत पोचलं पाहिजे.

नेट बसवणाऱ्या गृहस्थाला मीच बोलावून आणलं. चाळिशीचा शांत माणूस. त्यानं घर फिरून बघितलं आणि सांगितलं, एका डबीचं हे काम नव्हे, तीन डब्या बसवायच्या, एक पुढं, एक मधी, एक मागं. त्या आपापसात बोलतात आणि सगळीकडं जाळं धरतात, ह्याला मेश म्हणतात. मला ते एका क्षणात कळलं. मोठं कास्टिंग ओतताना रस एकाच तोंडातनं सोडला तर लांबच्या कोपऱ्याला पोचेपर्यंत गार पडतो, आणि माल वाया जातो. म्हणून साच्याला दुसरं तोंड ठेवायचं, तिसरं ठेवायचं. मी हे बोलून दाखवलं तर तो गृहस्थ म्हणाला, "काका, मी इतकी वर्षं लोकांना समजावतोय, असं सोपं मलासुद्धा सांगता आलं नाही." मी व्याह्यांकडं बघितलं. व्याही छताकडं बघत होते.

"ह्ये कितव्या नंबराचं?" त्यांनी विचारलं.

"सहा नंबरचं वायफाय आहे काका. एकदम चांगलं."

"सात आलंय न्हवं?"

"आलंय. महाग आहे जरा, पण तेही बसवून देतो."

"आन् आठ?"

गृहस्थानं व्याह्यांकडं नीट बघितलं. "आठ अजून यायचंय काका. वेळ आहे."

"मग," आमचे व्याही मांडीवर हात आपटून म्हणाले, "सहा बसवायचं आन् सात बघून हळहळायचं, सात बसवायचं आन् आठ बघून हळहळायचं. त्यापेक्षा आठाचं बघू की."

गृहस्थाला दारापर्यंत पोचवून मी माघारी आलो आणि म्हणालो, "पावणं, आठ येईस्तोवर पोरगी लग्नाची हुईल." ते म्हणाले, "आवो, म्हशीला बघाय आठ नंबर लागतोय. म्हस काळी हाय, अंधाराची हाय, हलती हाय. बारीक चित्र यायचं तर दमानं घ्याय पायजे." ह्यात काही अर्थ नव्हता, आणि तो नव्हता हे त्यांना माहीत होतं, कारण ते बोलताना माझ्याकडं बघत नव्हते. हे मला तेव्हा कळायला हवं होतं. साच्यात हवा अडकली की मला आवाजावरनं कळायचं. माणसाचं मात्र मला कधी वेळेवर कळलं नाही.

मग मी चूक केली. रागात म्हणालो, "असू दे. मी आनतो डब्या. माझ्या नातीसाठी आनतोय, तुमच्यासाठी न्हाय." व्याही उठून उभे राहिले, अगदी त्या चहाच्या दिवशीसारखे, पण चेहरा वेगळा. "पावणं, नारळ आन् मुलगी ह्यावर मी पोराचं लगीन केलं. पेठेत मान वर करून चालतोय. आता सत्तरी उलटल्यावर मुलीकडच्यांनी माझ्या घरात डब्या बसवायच्या? हुंडाच की वो त्यो. उशिरा आला म्हनून काय हुंडा न्हाय व्हय?" मी म्हणालो, "डबीला हुंडा म्हनतासा?" ते म्हणाले, "तारेवरनं येऊ दे न्हाय तर हवंतनं, मुलीच्या बापाकडनं आलं की हुंडा." विहीणबाई आतनं ओरडल्या, "काय माणसं हाईसा का कोण! नेटाचा हुंडा कुणी ऐकलाय?" पण मी पायात चपला सरकवल्या होत्या. मानाला मीही काही कमी नाही. तुमच्या घरी पाय ठेवणार नाही, असं बोललो नाही, कारण मुलीच्या बापानं असं बोलायचं नसतं. पण चपलांच्या आवाजानं ते सांगितलं.

बारा दिवस मी गेलो नाही. संध्याकाळी सहा वाजले की पाय आपोआप त्या गल्लीकडं वळायचे. मी त्यांना रंकाळ्याकडं वळवायचो. तिथं बाकावर बसून पाण्याकडं बघायचो आणि हिशेब करायचो की तिकडं आत्ता दोन वाजले, शाळा सुटली असेल, जेवली असेल, फोन हातात घेतला असेल की नसेल. बाराव्या दिवशी माझ्या बटणाच्या फोनवर मुलीचा आवाज आला, "बाबा, तुम्ही दिसत नाही. तब्येत बरी आहे ना?" मी म्हणालो बरी आहे. मग मागनं बारीक आवाज आला, "दुसरे आबा कुठायत?" बघा, ज्या नावानं मी तीन वर्षं जळत होतो ते परत ऐकू येईल म्हणून मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

दुसऱ्या दिवशी दिवाळीचा पाडवा होता आणि सकाळीच विहीणबाई माझ्या दारात. "चला. म्हस सजवायची हाय. शिंगं रंगवाय तुमच्यावानी हात न्हाय कुणाचा. आन् त्येंच्याशी बोलू नका हवं तर, म्हशीशी बोला." कोल्हापुरात पाडव्याला म्हशी मिरवतात हे नव्यानं सांगायला नको. शिंगांना रंग, मोरपिसं, गळ्यात कवड्यांची माळ, पायात चांदीचे तोडे, आणि मालक मोटारसायकलवर पुढं, म्हैस त्याच्या आवाजामागं पळत. आमचे व्याही सायकलवर पुढं असतात आणि चंद्री रमतगमत मागं येते. लोक हसतात, पण टाळ्या त्यांनाच जास्त पडतात. मी शिंगं रंगवली, एक भगवं, एक हिरवं. व्याह्यांनी न बोलता कवड्यांची माळ माझ्या हातात दिली. मी न बोलता बांधली. एवढ्यावर आमचं भांडण मिटलं.

मिरवून परत आलो तेव्हा साडेपाच झाले होते. तो रविवार होता, जावई घरी असणार. चंद्री एवढी नटलेली, आणि पोरीला दिसणार नाही ह्यानं मला राहवेना. व्याह्यांनाही राहवेना. फोन बाहेर आणावा तर त्याची बॅटरी अशी झाली होती की चार्जरातनं काढला की मिटला (नवा फोन घ्यायचं थांबलं होतं, हे सांगायलाच नको). व्याही उंबऱ्यात उभे राहून म्हणाले, "मंग म्हशीलाच सोप्यात घेऊ की." मी म्हणालो, "मावंल?" ते म्हणाले, "कपाट मावलंय."

चंद्री मावली. पुढचे दोन पाय आत, शिंगं वाकडी करून डोकं आत, आणि पाठीमागनं मी रेटा देत होतो. विहीणबाईंनी फोन लावला. पलीकडं पोरीनं जी किंकाळी मारली ती अख्ख्या गल्लीत ऐकू गेली असेल. "चंद्री घरात आली! आई, बाबा, चंद्री घरात आली!" चंद्रीनं सोपा बघितला, कुबडाच्या टीव्हीत स्वतःचं तोंड बघितलं, आणि कपाळ पुढं करून फोनचा वास घेतला. जर्मनीत पोरीनं काचेला हात लावला. पोरगी वीस मिनिटं बोलत होती. शाळेतली बाई, पडलेला दात, बर्फ, सायकल, सगळं म्हशीला. मी भिंतीकडनं आत सरकून चंद्रीच्या शिंगाआडनं तोंड पुढं काढलं तर म्हणाली, "आबा, तुम्ही हिरव्या शिंगाजवळ उभे राहा ना, तिथं छान दिसता." मी हललो नाही. आजही हललो नसतो.

जावई मागं उभा राहून हसत होता. हसता हसता सहज म्हणाला, "अहो बाबा, पण म्हशीला घरात कशाला आणायचं? मी गेल्या खेपेला आणलेले ते तीन डबे लावले नाहीत का अजून? मेशचे?"

व्याही म्हणाले, "लावतोय की. लावतोय. तू हिकडं म्हस बघ."

"मी म्हणालो होतो मी आल्यावर लावतो, पण या दिवाळीलाही सुटीचं जमलं नाही. कुणाकडनं तरी लावून घ्या आता."

"बघूया की," व्याही म्हणाले, आणि चंद्रीच्या गळ्यातली माळ सरळ करत बसले. ती सरळच होती.

फोन संपल्यावर कळलं की म्हशीला मागं जाता येत नाही. पुढं ढकलली तर जाते, मागं ओढली तर बसते. मग सोप्यातनं माजघर, माजघरातनं स्वयंपाकघर अशी चंद्रीची मिरवणूक घरातनंच निघाली. स्वयंपाकघरात विहीणबाईंनी चकलीची कढई उतरवून तिथंच तिला ओवाळलं, आणि परड्याच्या दारातनं ती आपल्या गोठ्यात गेली. व्याही वैरण टाकायला तिच्यामागं गेले. विहीणबाईंनी मला माजघरात थांबवलं, लोखंडी कपाट उघडलं. लग्नातल्या शालीत गुंडाळलेला एक खोका. वरचा कागदही फाडलेला नाही. आत तीन डब्यांचं चित्र. "तीन वर्सं हाय," त्या हळू बोलल्या. मी त्यांना हळू बोलताना पहिल्यांदाच ऐकलं. "त्यो म्हनाला, बाबा तुमी हात लावू नका, फुडच्या खेपंला मी बसवतो. तवापास्नं दिवाळी आली की ह्ये शाल झटकत्यात आन् परत घडी घालत्यात."

मी गोठ्यात गेलो. व्याही चंद्रीच्या शिंगावरचा रंग ओल्या फडक्यानं पुसत होते. मी म्हणालो, "पावणं, डब्या घरातच हाईत म्हनं." ते फडकं पिळत म्हणाले, "हाईत." मी म्हणालो, "मग त्यो सहा, सात, आठ?" त्यांनी एक शिंग सोडून दुसरं पुसायला घेतलं. मग म्हणाले, "लोक इचारत्यात, पोरगं येतंय का? काय सांगायचं? नवीन नंबर येनार हाय म्हनून सांगितलं की लोक हसत्यात आन् इशय संपतो." आणि मग फडकं दावणीवर वाळत टाकून म्हणाले, "त्येच्या नावाचं एक काम तरी घरात बाकी ऱ्हाऊ दे की वो. सगळीच कामं दुसऱ्यानं उरकली तर त्यो कुटल्या कामाला यील?"

मला उत्तर देता आलं असतं. मी म्हणू शकलो असतो की पोरगी विसरत चालली आहे, की मुलगा डब्यांसाठी येत नसतो, की आला तर आई-बापांसाठी येईल. मी उभ्या आयुष्यात उत्तर असताना गप्प बसलो नाही. त्या दिवशी बसलो.

पाडवा झाल्यावर तिसऱ्या दिवशी तो नेटवाला गृहस्थ आला. मीच त्याला भांडणाच्या आधी सांगून ठेवलं होतं की एकदा परत येऊन ह्यांना समजाव. दारात उभा राहून तो म्हणाला, "काय ठरलं काका? बसवायचं?" व्याही माझ्याकडं बघायला लागले. घाबरलेल्या माणसासारखे बघत होते. मी पुढं झालो आणि त्याला म्हणालो, "जरा थांबाय लागतंय पावणं. आठ नंबर येनार हाय म्हनं. म्हस काळी हाय, सहा-सातात दिसायची न्हाय." गृहस्थानं माझ्याकडं असं बघितलं जसं मी आजवर आमच्या व्याह्यांकडं बघत आलो होतो. मी मान ताठ ठेवली. विहीणबाईंनी त्याला चहा पाजून, फराळाची पुडी देऊन रवाना केलं.

आता आमचं रोजचं असं आहे. सोप्याला रस्त्याकडं एक खिडकी आहे, आणि चार्जरचं भोक नेमकं तिच्याखाली. त्या खिडकीखाली समोरच्या इमारतीतल्या एका साहेबांची मोटार लागायची. साडेसहा ते सात ती पुढं लावा, असं मी त्यांना माझ्या पद्धतीनं एकदाच सांगितलं, आणि दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. सव्वासहाला धार काढून झाली की आम्ही दोघं चंद्रीला मागच्या बोळातनं बाहेर काढतो, गल्लीला वळसा घालतो, आणि खिडकीशी आणून उभी करतो. ती डोकं आत घालते. विहीणबाई आतनं फोन धरतात. पेठेतले लोक जाता-येता म्हणतात, "काय मर्दा, म्हशीला मोबाइल दाखवायलाईसा व्हय?" आम्ही म्हणतो, व्हय. जावई अधूनमधून दिसतो, विचारतो, डबे लावले का. व्याही म्हणतात, "तुझ्याबिगर जमंना ते. ये सावकाश." तो म्हणतो, बघतो, उन्हाळ्यात जमतंय का. मी त्याच्यावर रागावायचं ठरवतो, पण पोरगी मधी बोलायला लागते.

काल तिनं खिडकीतल्या चंद्रीला नवीन आलेला दात दाखवला. मग कपाळ काचेच्या अगदी जवळ आणून, आमच्या दोघांकडं न बघता, तिनं चंद्रीला विचारलं, "तू कधी येणार इकडे? मी किती दिवस झाले वाट बघते." विहीणबाईंनी फोन तसाच धरून ठेवला. व्याह्यांनी माझ्याकडं बघितलं, मी त्यांच्याकडं. रस्त्यावरचे दिवे लागले होते, तिकडं तिच्या खिडकीत अजून लख्ख दुपार होती. चंद्रीनं एक कान हलवला. आम्ही दोघं म्हातारे दावं धरून तिच्या तोंडाकडं बघत राहिलो, जसं काही तीच आता सांगणार होती.